पाचोडची संध्याकाळची शाळा

पैठण तालुक्यातील पाचोड परिसरात 1990च्या दशकात मुलींची लग्नं सोळाव्या वर्षीच उरकत. कायद्याचं अठरा कागदावरच! तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने अविवाहित, बहुतांशी शाळा सुटलेल्या मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग काढला. दिवसा शेत, धुणंभांडी, धाकटी भावंडं. म्हणून वर्ग संध्याकाळी, रोज एक तास. शिकवणारी बाई गावातलीच, किमान सातवी शिकलेली. विषय आहार, मासिक पाळी, कायदा, पंचायतीचा कारभार. आईवडिलांनाही आखणीतच सामील करून घेतलं, हे खरं शहाणपण. लग्न ठरवणारे तेच. 1997 ते 2001 या काळात तिथलं लग्नाचं मध्यक वय 16 वरून 17 झालं.