असिबीच्या रक्तातली लस

केनियाला सफारीसाठी निघालेल्या एका वाचकाने विचारले आहे : यलो फीव्हर, म्हणजे पीतज्वर, आपल्याकडे कधी आलेलाच नाही. मग परतताना त्याच्या लशीचा दाखला आपलेच सरकार का मागते?

कधी आलेला नाही, म्हणूनच! तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्या गल्लोगल्ली आहे; डेंगी पसरवतो तो हाच. उणीव आहे ती फक्त विषाणूची. एक बाधित प्रवासी ती भरून काढू शकतो.

हा विषाणू आपल्या भूमीतल्या जिवांचे काय करतो, हे १९२७ साली दिसले. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये, असिबी नावाचा २८ वर्षांचा तरुण तापाने फणफणला होता. रॉकफेलर फाउंडेशनच्या संशोधकांनी त्याचे रक्त ऱ्हीसस माकडाला टोचले. आफ्रिकेतली माकडे या विषाणूला सहसा दाद देत नाहीत. ऱ्हीसस मात्र आपल्या भारतातले. ते काही दिवसांतच मेले. असिबी बरा झाला.

त्याच वर्षी या संशोधनातले एड्रियन स्टोक्स पीतज्वरानेच गेले. १९२८ मध्ये अक्रा येथे याच रोगाचे संशोधक हिदेयो नोगुचीही त्यानेच गेले. असिबीच्या रक्तातला विषाणू पुढे न्यूयॉर्कला मॅक्स थायलर यांच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथे तो उंदराच्या आणि मग कोंबडीच्या भ्रूणपेशींत पुन्हा पुन्हा वाढवण्यात आला. हे शेकडो वेळा चालले आणि मध्येच केव्हातरी त्याची मारकशक्ती सरली. शरीराला सावध करण्याची शक्ती तेवढी उरली. १९३७ साली '१७डी' लस सिद्ध झाली. आज जगभर दिली जाणारी पीतज्वराची प्रत्येक लस तिच्याच वंशातली आहे. थायलर यांना १९५१ चे नोबेल मिळाले आणि ते रास्तच होते. असिबीचे नाव मात्र विषाणूच्या एका वाणापुरते उरले. लशीच्या इतिहासात त्याला थायलर यांच्या शेजारची जागा मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आता कामाचे. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. दाखला १० दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. त्याशिवाय परतलात तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लशीतला विषाणू जिवंत असतो; म्हणून अंड्याची तीव्र अॅलर्जी, गरोदरपण, क्षीण प्रतिकारशक्ती किंवा साठीपुढचे वय असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. विमानाचे तिकीट काढाल त्याच दिवशी लशीची वेळही ठरवा.