हरवलेल्या गाण्यांच्या मागावर
लेखांक ६ : हसणाऱ्या माणसाचं नाव

गमतीचं गाणं शोधायला रागदारीच्या तबकडीपेक्षा जास्त कष्ट पडतात. ख्यालाला रागाचं नाव असतं, नाट्यपदाला नाटकाचं. गमतीच्या गाण्याची मात्र घरात एवढीच आठवण उरते : "त्यात एक माणूस खो खो हसतो." गाणारा कोण, कंपनी कुठली, साल कोणतं, कशाचाच पत्ता नसतो. या आठवड्यात आपण त्या हसण्याचाच माग काढू.

सुरुवात आपल्या इथल्या बाजारातून करता येते. फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक १९०२ मध्ये कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानातल्या तबकड्यांच्या धंद्याचा पाया त्याने घातला. पुढे आठवणी लिहिताना त्याने एक दृश्य नोंदवलं. हिंदुस्थानातल्या बाजारांत ग्रामोफोनभोवती उकिडवी बसलेली माणसं बर्ट शेपर्ड या विनोदी गायकाची हसण्याची तबकडी ऐकून लोटपोट होत असत, आणि ती तबकडी इथे हजारोंनी खपे. इथली माणसं मनमोकळी हसताना आपण फक्त तेव्हाच ऐकली, असंही तो म्हणतो. ते मला मुळीच मान्य नाही. तमाशातली बतावणी आणि सोंगाड्या ज्याने पाहिला नाही, त्याचं ते मत आहे. पण ही तबकडी इथे वाजत होती, याला त्याची साक्ष मोलाची आहे.

मग गाणं शेपर्डचं का? नाही. इथे माग काढणाऱ्याने पहिली गोष्ट करावी ती ही, की शब्द सोडावेत आणि चाल धरावी. गमतीच्या गाण्याचे शब्द गावोगाव बदलतात, नावही बदलतं. चाल आणि हसण्याची जागा सहसा बदलत नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स पेनरोजने १९२२ मध्ये गायलेलं 'द लाफिंग पोलिसमन' पिढ्यानपिढ्या मुलांचं लाडकं झालं. त्याच्या श्रेयात बिली ग्रे हे नाव आहे, आणि तेही टोपणनाव. नावांच्या मागे गेलात तर इथेच अडकाल. चालीच्या मागे गेलात तर न्यूयॉर्कला पोहोचता, जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सन या माणसापाशी.

जॉन्सनचा जन्म १८४६ च्या सुमारास व्हर्जिनियात झाला. वडील गुलाम होते. मोठा झाल्यावर तो न्यूयॉर्कला आला आणि बोटींच्या धक्क्यांवर शीळ घालून, गाणी म्हणून, लोक देतील त्या नाण्यांवर जगू लागला. १८९० मध्ये ध्वनिमुद्रणाच्या नव्या धंद्यातल्या लोकांनी त्याला हेरलं. त्याची दोन गाणी विलक्षण गाजली, एक शिळेचं आणि एक हसण्याचं. दोन्हींचे शब्द काळ्या माणसाची टवाळी करणारे होते आणि ती टवाळी त्यालाच गावी लागली. त्या काळी अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या आवाजांपैकी एक त्याचा होता. काळ्या गायकांत ध्वनिमुद्रणाचा पहिला मोठा कलाकार तोच.

तेव्हा गाणं मेणाच्या नळकांड्यावर कोरलं जाई आणि त्या नळकांड्याच्या भरपूर प्रती काढण्याची सोय नव्हती. गायकासमोर तीन-चार यंत्रांचे कर्णे मांडत, तो एकदा गाई, तेवढीच नळकांडी तयार होत. मग पुन्हा तेच गाणं, पुन्हा तेच हसणं, दिवसभर. एका खेपेचे त्याला सुमारे वीस सेंट मिळत. त्यामुळे त्याच्या या गाण्याचं 'मूळ ध्वनिमुद्रण' असं एक सापडत नाही. प्रत्येक संच म्हणजे वेगळं गायन. दोन नळकांड्यांवर हसणं वेगळं ऐकू आलं तर एक खोटं आहे असं समजू नका. १९०२ च्या सुमारास साच्यातून नळकांडी निघू लागली आणि पुन्हा पुन्हा गाणाऱ्या माणसाची गरज संपली. जॉन्सनने पुढे एका सहकलाकाराच्या कचेरीत दारवानाची नोकरी केली आणि १९१४ मध्ये तो वारला.

आता तबकडी हातात असेल तर काय पाहायचं? लेबलवर छापलेला क्रमांक हा दुकानदाराच्या यादीचा. देश बदलला, कंपनी बदलली की तो बदलतो. लेबलालगतच्या मोकळ्या काळ्या पट्ट्यात, बारीक अक्षरांत, आणखी एक क्रमांक उमटलेला असतो. तो मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा जन्मक्रमांक. तबकडी उजेडात तिरकी धरली की तो दिसतो. १९२२ मध्ये अमेरिकेत ओके कंपनीने अशीच एक हसण्याची तबकडी काढली. कुणीतरी करुण सुरात कॉर्नेट वाजवतो आहे, एका बाईला हसू आवरत नाही, मग पुरुषही हसू लागतो. मात्र हे ध्वनिमुद्रण अमेरिकेतलं नव्हतंच. ते १९२० मध्ये बर्लिनमध्ये बेका कंपनीसाठी झालं होतं. हसणारी लुसी बर्नार्डो, सोबत हसणारा ओटो राटके आणि वाजवणारा फेलिक्स झिल्बर्स. लेबल या बाबतीत मुकंच राहतं.

आवाजातच पत्ता मिळतो का तेही बघा. जुन्या नळकांड्यांच्या सुरुवातीला गाण्याचं आणि गाणाऱ्याचं नाव मोठ्याने पुकारलेलं असतं. आपल्याकडे गौहर जान तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव सांगते, तेही कामाचं होतं : तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना कुठलं लेबल कुणाला लावायचं ते कळायला हवं होतं. म्हणून जुनी तबकडी ऐकताना शेवटच्या अर्ध्या मिनिटात सुई कधीही उचलू नका.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने हजारो नळकांडी कुणालाही फुकट ऐकता येतील अशी ठेवली आहेत आणि अमेरिकी तबकड्यांची मॅट्रिक्स नंबरनिशी सूचीही तिथे आहे. आपल्याकडे मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' सुरू झाली आणि 'द रेकॉर्ड न्यूज' या तिच्या अंकांतून इथल्या तबकड्यांची माहिती जमत गेली. परंतु विनोदी तबकड्या संग्राहकांच्या कपाटात नेहमी खालच्या कप्प्यात पडतात, असा माझा अनुभव आहे. ख्याल जपले जातात, हसणं विकलं जातं.

जॉन्सनच्या थडग्यावर शंभर वर्षं नावाची पाटीही नव्हती. ती २०१४ मध्ये बसली. त्याच वर्षी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याचं हसण्याचं गाणं जतन करण्याच्या राष्ट्रीय यादीत घेतल्याचं जाहीर केलं.

तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत लाखेच्या तबकड्या असतील तर त्या भंगारवाल्याला देण्याआधी एकदा बाहेर काढा. गरम पाणी लावू नका, उन्हात ठेवू नका, कोरड्या मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसा. आणि ज्या तबकडीवर नुसतंच कुणी हसत असेल, तिचे दोन्ही क्रमांक वहीत उतरवून ठेवा.