नवऱ्याचं दिवाळं आणि बायकोची सही

नवरा नादार ठरला म्हणून बायको आपोआप कर्जदार होत नाही. तिचं स्त्रीधन, तिच्या पगारातून घेतलेलं घर, तिच्या नावची ठेव ही तिचीच मालमत्ता. घात होतो तो सहीमुळे. बँकेत ‘फक्त औपचारिकता’ म्हणून तिची सही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून घेतली जाते, आणि 1872 च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी एरवी कर्जदाराइतकीच असते. नवऱ्याला सोडून बँक थेट तिच्याकडेही वसुलीला येऊ शकते. सही करण्याआधी कागद घरी आणून वाचावा. साहेब घाई करत असतील तर जरूरच.

संकटाची चाहूल लागताच फ्लॅट बायकोच्या नावे बक्षीसपत्र करून देणं ही आपल्याकडची आवडती युक्ती. ती फार टिकत नाही: नादारीआधीच्या दोन वर्षांतली अशी हस्तांतरणं न्यायालय रद्द ठरवू शकतं.

खरं संरक्षण विम्यात आहे. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी-मुलांसाठी काढलेल्या पॉलिसीवर नवऱ्याच्या सावकारांचा हक्क पोचत नाही; मात्र त्यांना फसवायला हप्ते भरलेले नसावेत. गोव्यातल्या जोडप्यांनी आणखी सावध राहावं. तिथे वेगळा विवाहपूर्व करार नसेल, तर मालमत्ता सहसा दोघांची सामाईक असते.