यंत्र आणि संगणक यांच्यामधला दुभाषी

हे वसतिगृह सोडून मला बरीच वर्षे झाली. सध्या माझा उद्योग जुन्या मिलिंग यंत्रांना नवे संगणकीय नियंत्रण बसविण्याचा आहे. यंत्राचे लोखंड शाबूत असते, परंतु नियंत्रणपेटीचे सुटे भाग मिळेनासे झालेले असतात. अशी यंत्रे भंगारात जाण्याआधी माझ्याकडे येतात. या कामातील एका अदृश्य भागाविषयी, म्हणजे ‘ड्रायव्हर’ नामक आज्ञावलीविषयी, स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यार्थ्यांसाठी चार शब्द लिहीत आहे.

टेबल सरकविणारी स्टेपर मोटर एका विद्युतस्पंदाला एक पाऊल टाकते. सर्वसाधारण मोटरीची एक फेरी २०० पावलांची असते. प्रत्येक पावलाचे दहा भाग पाडले तर २,००० स्पंद. स्क्रूच्या एका फेरीत टेबल ५ मिलिमीटर सरकत असेल, तर एका मिलिमीटरला ४०० स्पंद झाले. मिनिटाला ३ मीटर गती हवी असल्यास सेकंदाला २०,००० स्पंद पाठवावे लागतात, आणि तेही समान अंतराने. संगणकाला हे गणित सोपे आहे. वेळ पाळणे मात्र जड जाते. पडदा रंगविणे, डिस्क वाचणे, जाळ्यावरचा निरोप घेणे अशा शंभर कामांत तो गुंतलेला असतो. एखादा स्पंद काही मायक्रोसेकंद उशिरा गेला, की मोटर गुरगुरते, प्रसंगी पाऊल चुकते आणि तयार होणारा भाग वाया जातो.

म्हणून घाईचे काम वेगळ्या बोर्डाकडे सोपवितात. त्यावर प्रोग्रॅमेबल लॉजिकची, म्हणजे एफपीजीए जातीची चिप असते. झायलिंक्स कंपनीने १९८५ साली अशी पहिली व्यापारी चिप, एक्ससी२०६४, बाजारात आणली; तीत अवघे ६४ तर्कघटक होते. या चिपेतील घटकांची जोडणी कारखान्यात कायमची ठरत नाही. आपण पाठविलेल्या फर्मवेअरप्रमाणे ती बदलते. आज जी चिप स्पंद निर्माण करते, तीच उद्या एन्कोडरचे आकडे मोजू शकते. संगणक सामान्यतः मिलिसेकंदाला एकदा तिला गती सांगतो आणि ‘किती पावले पडली?’ असे विचारतो. मधले सर्व स्पंद ती आपल्या घड्याळावर काढते.

हे सांगणे-विचारणे ठरावीक पत्त्यांवरील नोंदकप्प्यांतून, म्हणजेच रजिस्टरांतून, चालते. ते करणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. अडचण अशी, की चिपेची रचनाच बदलती असेल, तर कोणता कप्पा कोठे आहे हे दुभाष्याला कसे कळावे? पुष्कळ नवशिके सारे पत्ते ड्रायव्हरमध्येच लिहून टाकतात. मीही तेच केले होते. बोर्ड बदलला, की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

याचे मला सर्वांत आवडलेले उत्तर ‘लिनक्ससीएनसी’ या मुक्त नियंत्रण प्रणालीत आहे. तिचा उगम अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या प्रकल्पात झाला. मेसा इलेक्ट्रॉनिक्सच्या बोर्डांसाठी तीत ‘होस्टमॉट२’ नावाचा ड्रायव्हर आहे. आपल्या वसतिगृहात नवे अधीक्षक येत, तेव्हा ते गेल्या वर्षीच्या आठवणींवर विसंबत नसत, हजेरीपट मागवीत. हा ड्रायव्हर नेमके तेच करतो. प्रथम तो एका ठरलेल्या पत्त्यावरील खुणेचा आकडा वाचतो. षोडशमान पद्धतीत त्या आकड्याची शेवटची चार अक्षरे ‘कॅफे’ अशी वाचता येतात. अभियंत्यांनाही गंमत सुचते! खूण पटली नाही तर तो पुढे जातच नाही. पटली, तर फर्मवेअरमध्येच कोरलेली यादी वाचतो: स्पंदजनक किती, एन्कोडर-गणक किती, प्रत्येकाचे कप्पे कोठून सुरू होतात, कोणती पिन कोणाच्या ताब्यात आहे आणि घड्याळ किती वेगाने चालते.

घड्याळाची नोंद वरवर क्षुल्लक वाटते. स्पंदजनकात ३२ बिटांचा एक संचयक असतो. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला त्यात एक संख्या मिळविली जाते आणि तो भरून वाहिला की एक पाऊल पडते. ती संख्या म्हणजे हवे असलेले स्पंद गुणिले २ चा ३२ वा घात, भागिले घड्याळाची वारंवारता. सेकंदाला २,००० स्पंदांसाठी ३३.३३ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला सुमारे २,५७,६९८ ही संख्या लागते. तीच संख्या १०० मेगाहर्ट्झच्या बोर्डाला दिली, तर ६,००० स्पंद निघतील आणि टेबल तिप्पट वेगाने धावेल. आज्ञावलीत व्याकरणाची एकही चूक नसेल, संगणक कसलीही तक्रार करणार नाही.

यादी वाचण्याचे काम एका ठिकाणी झाल्यामुळे नव्या बोर्डासाठी ड्रायव्हर जुळविताना बहुधा एक पातळ थर लिहावा लागतो: अमुक पत्त्यावरून वाच, अमुक पत्त्यावर लिही. बोर्ड संगणकाच्या पीसीआय खाचेत असेल, तर हे स्मृतीत वाचण्या-लिहिण्याइतके सरळ आहे. सायक्लोन ५ सारख्या चिपेत प्रोसेसर आणि लॉजिक शेजारी असतात, तेथेही तसेच. इथरनेटवर मात्र विचार बदलावा लागतो. दर कप्प्यासाठी वेगळे पाकीट पाठविले, तर येण्याजाण्यातच मिलिसेकंद संपेल. म्हणून सर्व विचारणा एका रांगेत गोळा करून एकत्र पाठवाव्या लागतात, आणि उत्तर वेळेत आले नाही तर काय करायचे हेही ठरवावे लागते.

उत्तर आलेच नाही तर? यासाठी बोर्डावर ‘वॉचडॉग’ असतो. ड्रायव्हर प्रत्येक लेखनाबरोबर त्याला आपण जागे असल्याची खूण देतो. होस्टमॉट२ मध्ये मूळ मर्यादा ५ मिलिसेकंदांची आहे. तेवढ्यात खूण आली नाही, तर पहारेकरी सर्व पिना स्पंदजनकादी घटकांपासून तोडतो. एवढे वाचून मी निश्चिंत झालो होतो. परंतु तोडलेली पिन शून्यावर जात नाही. बोर्डावरील रोध तिला वरच्या दाबाकडे ओढून धरतो. मी स्पिंडलचा रिले ‘वरचा दाब म्हणजे चालू’ असा जोडलेला होता.

एका सायंकाळी सहकारी कटर सैल करीत असताना मी नियंत्रण प्रणाली बंद केली. पहारेकऱ्याने आपले काम चोख केले, आणि स्पिंडल सुरू झाला. पाना सुटून भिंतीवर आदळला. सहकाऱ्याचा हात क्षणापूर्वीच दूर झाला होता, म्हणून वाचला. बोर्ड निर्दोष होता, ड्रायव्हर निर्दोष होता. जोडणी माझी होती. त्याच रात्री रिले उलटा जोडला, आणि स्पिंडलचा वीजपुरवठा आणीबाणीच्या बटणाने थेट तुटेल अशी स्वतंत्र व्यवस्था केली.

तेव्हापासून नवा बोर्ड आला, की पहिल्या दिवशी त्याला एकही मोटर जोडीत नाही. प्रत्येक पिनेवर लहानसा दिवा लावतो. वीज देताच, फर्मवेअर चढण्याआधी, कोणते दिवे लागतात ते वहीत टिपतो. मग प्रणाली सुरू करतो, सर्व काही सुरळीत चालू देतो, आणि इथरनेटची तार उपटून पुन्हा दिव्यांकडे पाहतो.