टॉवर पडला, रेडिओ बोलला

३ जून २०२०. ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धनकडच्या आमच्या गावाशी संपर्क तुटला, तो चार दिवस. मी पुण्यात, आजी-आजोबा तिकडे. वीज नाही, रेंज नाही. नंतर कळलं, पडवीची कौलं उडाली होती, पण वादळ कुठवर सरकलंय हे आजोबांना बरोब्बर ठाऊक होतं. कपाटावरच्या जुन्या रेडिओमुळे!

तो रेडिओ गेल्या वर्षी बिघडला आणि नवा आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी ऑनलाइन ‘इमर्जन्सी वेदर रेडिओ’ मागवला. टॉर्च, सायरन, सोलर, सगळा थाट. पण ‘वेदर बँड’ लावला की नुसती खरखर. हा बँड १६२.४ ते १६२.५५ मेगाहर्ट्झचा, अमेरिकेतल्या ‘नोआ’च्या हवामान बुलेटिनसाठी. आपल्याकडे अशी सेवाच नाही. त्यामुळे डब्यावरच्या ‘डब्ल्यूबी’साठी जादा पैसे मोजू नका.

बघायचं ते मीडियम वेव्ह, म्हणजे ‘एएम’ किंवा ‘एमडब्ल्यू’ आहे का. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की आवाज गुल. मीडियम वेव्ह जमिनीला धरून लांब जाते. तिचा अँटेना रेडिओच्या पोटात असतो. त्यामुळे वरची दांडी कितीही खेचा, फरक शून्य; अख्खा रेडिओच हळूहळू फिरवा, एका दिशेला आवाज स्वच्छ होतो. (दांडी एफएमसाठी.) चाचणी मात्र भर दुपारी घ्या. रात्री मीडियम वेव्हवर लांबलांबची स्टेशनं लागतात आणि आपण उगाच खूश होतो. आकाशवाणीने काही ठिकाणची मीडियम वेव्ह प्रक्षेपणं बंदही केली आहेत, तेव्हा गावात नेऊन, कानांनी ऐकूनच ठरवा. एफएमही असू द्या.

मोबाइलमधला एफएम? असेल तर उत्तम, पण बहुतेक फोनमध्ये इअरफोनची वायरच अँटेना असते, आणि ब्लूटूथवाल्यांकडे वायर असते कुठे!

हँडल फिरवून चालणारा रेडिओ दिसतो भारी, पण थोड्या वेळाने हात भरून येतो. साधे पेन्सिल सेल घालता येतील असाच घ्या. ते गावातल्या दुकानातही मिळतात.

आम्ही शेवटी तसाच साधा रेडिओ घेतला. सेल गळू नयेत म्हणून आजोबांनी ते काढून वेगळ्या पिशवीत ठेवलेत. आणि स्टेशन लागतं तिथे आजीने काट्याखाली लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. माझ्याच बाटलीतला.