ऑपरेशन तासाभराचं, अँटिबायोटिक्स आठवडाभर!

'देवगिरी'नं सकाळी परभणीला उतरले आणि थेट हॉस्पिटल गाठलं. मामांचं हर्नियाचं ऑपरेशन आदल्या दिवशीच झालं होतं. मामा एकदम फ्रेश! मामी मात्र औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ अँटिबायोटिकचं इंजेक्शन, मग पाच दिवस गोळ्या. ताप नाही, जखम कोरडी. मग हे कशाला? मामी म्हणाली, "इंजेक्शन चालू हाय म्हणजे इलाज चालू हाय की गं!"

घरी गेल्यावर चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले. इतके, की मामा पुन्हा सलाइनवर! दुसऱ्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर ते अँटिबायोटिक बंद केलं.

तुम्ही म्हणाल, ऑपरेशन म्हटल्यावर अँटिबायोटिक लागणारच. बरोबर, पण कधी, हा खरा प्रश्न आहे. १९६१ मध्ये जॉन बर्क या अमेरिकन सर्जननं गिनीपिगवर प्रयोग केले. जंतू शिरायच्या आधी औषध रक्तात असेल तर त्याचा परिणाम सगळ्यात चांगला. जंतू शिरून तीन तास उलटल्यावर दिलं तर जवळजवळ शून्य. म्हणजे सगळा खेळ टायमिंगचा! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये हेच सांगितलं: जंतुसंसर्ग टाळण्यासाठीचा डोस चीर देण्याआधीच्या दोन तासांत द्या, आणि ऑपरेशन संपल्यावर तो लांबवू नका. (आत पू झालेला असेल, अपेंडिक्स फुटलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अँटिबायोटिक हा उपचार असतो आणि कोर्स किती दिवसांचा, हे डॉक्टरच ठरवतात. हे वाचून गोळ्या मनानं बंद करू नका, प्लीज!)

मग हे आठवडाभराचं प्रकरण येतं कुठून? सर्जन असलेल्या मैत्रिणीला फोन लावला. ती आधी हसली. म्हणाली, भीती. एखादी जखम पिकली तर नातेवाईक विचारणार, 'औषध का नाही दिलं?' जास्त दिल्याबद्दल मात्र कुणीच जाब विचारत नाही. तिचंही खरंच. मामीसारखे आपण सगळेच की!

पण जादा डोसाचं बिल फक्त पोटाला येत नाही. शरीरातले औषधाला दाद देणारे जंतू मरतात, न देणारे मोकाट वाढतात. २०१९ या एका वर्षात अशा दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा 'लॅन्सेट'मधला अंदाज आहे. आपल्याकडे मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक्स विकताना केमिस्टनं पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. तुमचं नाव कधी कुणी विचारलंय? मला तरी नाही.

त्यामुळे घरात कुणाचं ठरवून ऑपरेशन असेल तर रूमच्या एसीइतकीच आणखी एक चौकशी करा: "डॉक्टर, अँटिबायोटिक चीर देण्याआधी देणार ना? आणि नंतर चालू ठेवणार असाल तर कशासाठी?" चांगला डॉक्टर यावर चिडत नाही, असं मैत्रीण छातीठोकपणे सांगते.

मामा आता ठणठणीत आहेत. उरलेल्या सहा गोळ्या मामीनं फ्रिजच्या दारात जपून ठेवल्या होत्या. "असू दे गं, कुणाला ताप-बिप आला तर." निघताना मी त्या गुपचूप पर्समध्ये टाकल्या.