संगणकीय आरेखनातील थर

इमारतीच्या मूळ नकाशावर पारदर्शक कागद अंथरून वीज, नळ यांची आखणी स्वतंत्रपणे करण्याची पद्धत आरेखकांना परिचित आहे. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅड या संगणकीय प्रणालीत हेच कार्य ‘लेअर’ अर्थात थर करतात.

थर दृष्टीआड करावयाचा तर तो बंद करता येतो किंवा गोठविता येतो. पडद्यावर दोहोंचा परिणाम सारखाच दिसतो आणि नवशिक्या आरेखकाची फसगत येथेच होते. बंद थरावरील भिंती दिसत नसल्या, तरी ‘सर्व’ निवडून पुसण्याची आज्ञा देताच त्याही नाहीशा होतात. गोठविलेला थर मात्र या आज्ञेतून सुटतो. शिवाय नकाशाची पुनर्रचना करताना संगणक तो वगळत असल्याने मोठ्या आराखड्यात वेळही वाचतो. भिंती दिसाव्यात, परंतु त्यांना धक्का लागू नये, अशी गरज असल्यास त्या थराला कुलूप लावावे.